डाव्या पापणीची बाराखडी

घरातल्या कुणाला लकवा मारला, वाचा गेली, की दवाखान्यात कॉटभोवती कशी गर्दी होते ते तुम्ही पाहिलं असेलच. परभणीचा सरकारी दवाखाना असो की नांदेडचा, चित्र तेच. जो येतो तो पेशंटच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारतो, ओळखलं का मला? उत्तर येत नाही. मग हळूहळू लोक पेशंटशी बोलायचं सोडून पेशंटबद्दल बोलायला लागतात, आणि तेही त्याच्या उशाशी उभं राहून. यांना आता काही कळत नाही, असं कुणीतरी म्हणून जातं. शेत कुणाच्या नावावर आहे, लेकीला कळवलं का, किती दिवस काढतील... सगळं तिथंच, त्या माणसाच्या देखत.

त्या माणसाला यातलं काही कळत असतं का? या प्रश्नाला एका माणसानं असं उत्तर देऊन ठेवलंय, की ते वाचल्यावर अशा कॉटशेजारी तोंड उघडताना आपण दहादा विचार करू. त्याच्याजवळ ते उत्तर द्यायला आवाज नव्हता, हात नव्हता. फक्त डाव्या डोळ्याची पापणी होती. त्याचं नाव ज्याँ दोमिनिक बोबी. मैत्रिणींनो, आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

'ती'चा संपादक

बोबीचा जन्म २३ एप्रिल १९५२ चा, पॅरिसचा. दैनिकांमधून पत्रकारिता करत करत तो 'एल' या नियतकालिकाचा मुख्य संपादक झाला. फ्रेंच भाषेत 'एल' म्हणजे 'ती'. हेलेन लाझारेफ नावाच्या बाईंनी १९४५ साली, महायुद्ध संपल्यावर ते सुरू केलं आणि पुढे ते जगभर पोचलं. आपल्या भारतातली त्याची आवृत्ती निघाली १९९६ साली. म्हणजे बायकांसाठी निघणाऱ्या एका मोठ्या नियतकालिकाची सगळी सूत्रं या माणसाच्या हातात होती. गप्पिष्ट, खाण्यापिण्याचा शौकीन, शब्दांशी खेळणारा. मुलगा तेओफिल, मुलगी सेलेस्त. मुलांच्या आईपासून तो वेगळा राहत होता, पण मुलांना भेटायचे दिवस ठरलेले होते.

८ डिसेंबर १९९५ हा असाच एक दिवस. शुक्रवार होता. शनिवार-रविवार मुलाबरोबर घालवावा म्हणून तो दहा वर्षांच्या तेओफिलला आणायला गेला. मुलगा गाडीत बसला आणि थोड्याच वेळात बोबीला कसंतरी व्हायला लागलं. मेंदूचा झटका आला होता. वय अवघं त्रेचाळीस. वीस दिवस तो बेशुद्ध होता.

आपला मेंदू आणि पाठीचा मणका यांना जोडणारा एक देठ असतो. मेंदूनं दिलेला प्रत्येक हुकूम या देठातून खाली हातापायांकडे, जिभेकडे, घशाकडे जातो. बोबीचा झटका नेमका या देठाला बसला. वरचा मेंदू शाबूत राहिला. आठवण, विचार, राग, विनोद, ऐकणं, बघणं सगळं जागच्या जागी होतं. पण खाली जाणारा रस्ताच बंद झाला. अशा आजारात डोळ्याची वरखाली होणारी हालचाल आणि पापणी मात्र बऱ्याचदा वाचते, कारण त्यांचा हुकूम देठाच्या वरच्या भागातून निघतो. १९६६ साली प्लम आणि पोझनर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी या अवस्थेला 'लॉक्ड-इन सिंड्रोम' असं नाव दिलं. माणूस आतून जागा, पण बाहेरून कुलूप!

बोबीला उत्तर फ्रान्समधल्या बेर्क या गावी, समुद्रकाठच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. पूर्वी तिथं क्षयरोग झालेल्या मुलांना समुद्राच्या हवेसाठी आणत. बोबीचा उजवा डोळा नीट मिटत नव्हता. बुबुळाला इजा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी तो चक्क शिवून टाकला. राहिला डावा. अन्न नळीतून, श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून. वीस आठवड्यांत त्याचं वजन खूप उतरलं.

सँड्रीनचा तक्ता

इथं या गोष्टीत एक मुलगी येते. सँड्रीन, इस्पितळातली स्पीच थेरपिस्ट. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणं हे तिचं काम. पण या पेशंटला जीभच हलवता येत नव्हती, तर शिकवायचं काय? तिनं मग उलट बाजूनं विचार केला. याच्याजवळ काय शिल्लक आहे? एक पापणी. तर पापणीला पुरेल अशी भाषा तयार करू.

तिनं अक्षरांचा एक तक्ता वापरला, पण शाळेतल्यासारखा ए, बी, सी, डी या क्रमाचा नाही. फ्रेंच भाषेत जे अक्षर सगळ्यात जास्त वेळा येतं ते पहिलं, त्याहून कमी येणारं दुसरं, आणि क्वचित येणारं सगळ्यात शेवटी. त्यामुळे तक्ता सुरू होतो तो ई, एस, ए, आर, आय, एन या अक्षरांनी, आणि संपतो के आणि डब्ल्यू वर. समोरच्यानं या क्रमानं एकेक अक्षर म्हणत जायचं. हवं ते अक्षर आलं की बोबी पापणी मिटणार. ते अक्षर लिहून घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

किती साधी गोष्ट! ना यंत्र, ना वीज. पण त्या क्रमात फार मोठं शहाणपण होतं. पेशंटला कमीत कमी थांबावं लागावं, त्याची शक्ती वाचावी, यासाठी तो क्रम लावलेला होता. आपण स्वयंपाकघरात मिठाचा डबा हाताशी ठेवतो आणि चकलीचा सोऱ्या माळ्यावर टाकतो, तसंच हे.

तक्ता एकच, पण तो वापरणारी माणसं नाना तऱ्हेची. कुणी घाबरट, अक्षरं भराभर म्हणून टाकायचे, चुकायचे आणि मग आपणच रडवेले व्हायचे. कुणी इतके काटेकोर, की शब्द स्पष्ट कळला तरी शेवटचं अक्षर आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. कुणी अतिहुशार, दोन अक्षरांतच शब्द पुरा करून मोकळे. एकदा बोबीला चष्मा हवा होता. फ्रेंचमध्ये चष्म्याला 'ल्युनेत' म्हणतात. अर्धा शब्द झाला नाही तोच समोरच्यानं ठरवलं की हा 'ल्यून' म्हणतोय. ल्यून म्हणजे चंद्र. आता चंद्र कशाला हवाय म्हणून विचारणा झाली! बोबीनं हेही नोंदवून ठेवलंय की पुरुषांपेक्षा बायका-मुलींना हे काम चांगलं जमायचं. काहींचा तर तक्ता तोंडपाठ झाला होता, कागदाकडे बघावंही लागत नव्हतं.

अर्थात सगळेच काही अक्षरं म्हणत बसायचे नाहीत. एकदा टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता. बोबी रंगून गेला होता. मध्यंतरात कर्मचारी आला, टीव्ही बंद केला, निरोप घेऊन निघून गेला. नको म्हणायला पापणी फडफडली, पण तोवर पाठ फिरलेली. मला या पुस्तकातल्या मोठमोठ्या दुःखांपेक्षा ही छोटी गोष्ट जास्त टोचली.

दोन लाख वेळा मिटलेली पापणी

तिकडे पॅरिसमध्ये बोलवा उठली होती की बोबी म्हणजे आता नुसता भाजीपाला झालाय. ज्यांच्याबरोबर तो चहा-कॉफी घेत बसायचा तीच मंडळी असं म्हणत होती. हे बोबीच्या कानावर आलं. त्यानं काय करावं? त्यानं पत्र लिहिलं. पापणीनं, अक्षर अक्षर जोडून. ते साठेक मित्रांना धाडलं. माझं डोकं जागेवर आहे, एवढं त्यातून सगळ्यांना कळलं.

मग त्यानं पुस्तकच लिहायचं ठरवलं. आजारपणाआधी एका प्रकाशकाशी त्याचं कादंबरीबद्दल बोलणं झालं होतं. अलेक्झांडर द्युमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीची आजच्या काळातली नवी गोष्ट त्याला लिहायची होती, आणि त्यात सूड घेणारा नायक न ठेवता नायिका करायची होती. आता योगायोग बघा. द्युमाच्या त्या दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कादंबरीत नुआर्तिए नावाचे एक आजोबा आहेत. सगळं अंग लुळं, वाचा गेलेली, फक्त डोळे जिवंत. त्यांची नात व्हालांतीन त्यांच्यासमोर अक्षरं म्हणते, शब्दकोशाच्या पानावरून बोट फिरवते, आणि आजोबांच्या डोळ्यांवरून शब्द ओळखते. पुढे तिच्या मनाविरुद्ध ठरलेलं लग्न हेच आजोबा नुसत्या डोळ्यांनी मोडून दाखवतात! बोबीनं ही कादंबरी आजारपणाच्या आधी पुन्हा वाचली होती, आणि काही दिवसांतच तो स्वतः नुआर्तिएच्या जागी जाऊन पडला.

प्रकाशकानं क्लोद माँदिबिल या बाईंना बेर्कला पाठवलं. १९९६ चा उन्हाळा होता. बोबी पहाटे जागा व्हायचा आणि त्या दिवसाचा मजकूर मनातल्या मनात रचायचा, घोटायचा, पाठ करायचा. खाडाखोड सगळी डोक्यातच. मग क्लोदबाई यायच्या, कॉटशेजारी बसायच्या आणि सुरू व्हायचं... ई, एस, ए, आर... एका शब्दाला सरासरी दोन मिनिटं. म्हणजे दहा शब्दांचं एक वाक्य लिहायला वीस मिनिटं. सगळं पुस्तक व्हायला पापणी सुमारे दोन लाख वेळा मिटली, असं सांगतात.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग प्रत्यक्ष विठ्ठलानं लिहून घेतले, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सांगणाऱ्याइतकंच लिहून घेणाऱ्याचंही मोल असतं, हे त्या कथेतून आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलं. क्लोदबाईंबद्दल वाचताना मला तेच आठवत होतं. दोन महिने रोज जाऊन एका पापणीकडे बघत बसणं ही सोपी गोष्ट नाही.

पुस्तकाचं नाव 'पाणबुड्याचा पोशाख आणि फुलपाखरू'. जुन्या काळच्या पाणबुड्यांचा तो जड पोशाख म्हणजे त्याचं शरीर, आणि फुलपाखरू म्हणजे त्याचं मन. पुस्तकात रडगाणं नाही. खमंग जेवणाच्या आठवणी आहेत. काचेत पहिल्यांदा दिसलेला स्वतःचा वाकडा चेहरा आहे. नव्वदी ओलांडलेले वडील आहेत. वडिलांना जिने उतरता येत नाहीत आणि मुलाला कॉटवरून उठता येत नाही. ते फोन करतात, एकटेच बोलतात, आणि या टोकाला मुलगा नुसता ऐकतो. झटका येण्याच्या काही दिवस आधीच त्यानं वडिलांची दाढी करून दिली होती, तीच शेवटची भेट. आणि समुद्रकाठी भेटायला आलेली मुलंही आहेत. तेओफिल बापाच्या तोंडातून गळणारी लाळ पुसतो आणि अक्षरं ओळखायचा खेळ खेळू का म्हणून विचारतो. बापाचं सगळं बोलणंच आता अक्षरं ओळखण्याचा खेळ झालेलं!

१९९७ च्या मार्च महिन्यात पुस्तक बाजारात आलं. हातोहात खपायला लागलं. आणि दोन-तीन दिवसांतच, ९ मार्चला, न्यूमोनियानं बोबी गेला. वय चव्वेचाळीस. जाण्याआधी त्यानं आपल्यासारख्या पेशंटांसाठी एक संस्था उभी करायचं काम हाती घेतलं होतं, ती आजही फ्रान्समध्ये चालते. २००७ साली ज्युलियन श्नाबेलनं या पुस्तकावर सिनेमा काढला, त्याला कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

आपल्या गावात काय करता येईल?

तुम्ही म्हणाल, हे झालं फ्रान्सचं. पण बोलता न येणारे पेशंट आपल्या जिल्ह्यातही कमी नाहीत. श्वासाच्या मशीनची नळी घशात असली की बोलता येत नाही. तंबाखू-गुटख्यानं तोंडाचा कॅन्सर होऊन जिभेचं ऑपरेशन झालं की बोलता येत नाही. लकव्यानं वाचा जाते. माझ्या एका आत्याच्या घशात अशीच नळी होती. ती सारखी बोटं हलवायची. वहिनीनं तिच्यापुढे आपला तळहात धरला, तर आत्यानं त्यावर बोटानं लिहिलं, म्हैस. गाभण म्हैस व्यायला झाली होती, तिचा जीव तिथं अडकलेला! पाणी आणि दुखणं याच्यापलीकडेही माणसाला खूप काही विचारायचं असतं.

आता डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे कॉम्प्युटर आलेत, पण ते फार महाग. आपल्या मुंबईच्या आयआयटीतल्या 'आयडीसी' या डिझाइन शिकवणाऱ्या विभागानं 'जेलो' नावाचं चित्रांचं ॲप बनवलंय. चित्रावर बोट ठेवलं की मोबाईल बोलतो, मराठीतही. ते मुख्यतः बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी केलेलं आहे. पण हात हलतच नसेल, किंवा आयसीयूत मोबाईल नेता येत नसेल, तेव्हा सँड्रीनचा पुठ्ठ्याचा मार्गच कामाला येतो.

आणि आपली वर्णमाला तर आयती ओळींत मांडलेली आहे! पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत अशा आठ ओळी काढा:

१. अ आ इ उ ए ओ
२. क ख ग घ
३. च छ ज झ
४. ट ठ ड ढ ण
५. त थ द ध न
६. प फ ब भ म
७. य र ल व
८. श स ह ळ

आधी ओळ विचारायची. पहिली? दुसरी? तिसरी? पेशंटनं पापणी मिटली की त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणायचं. 'ह' हे अक्षर सुरुवातीपासून एकेक म्हणत गेलं तर छत्तिसाव्या वेळी येतं. ओळीनं गेलं तर आठ अधिक तीन, अकराव्या वेळी! काना-मात्रा सोडून द्या. प आणि ण आलं की पाणी, द आणि ख आलं की दुखतंय. मात्र अंदाज केला की तो मोठ्यानं म्हणून दाखवा आणि होकार घ्या, नाहीतर चष्म्याचा चंद्र होतो.

अक्षरांच्या आधी हो आणि नाही पक्कं करा. एकदा पापणी म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. कॉटच्या भिंतीवर ते लिहून चिकटवा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरलाही कळेल. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला चित्रं काढा: दुखतंय, कूस बदला, गरम होतंय, खाकरा काढा, लघवी, दिवा बंद करा, भीती वाटतेय, घरी सगळं ठीक आहे का. एक माणसाची आकृती काढा, कुठं दुखतंय ते दाखवायला. ज्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत त्यांना चित्रंच चालतील. शेजारच्या कॉटवरची चाची उर्दू वाचत असेल तर तिच्या लेकीकडून उर्दूत करून घ्या. पेशंटचा चष्मा, कानाचं यंत्र घरीच राहिलं असेल तर आधी ते आणा. आणि पाण्याला हो म्हटलं तरी सिस्टरला विचारल्याशिवाय पाजू नका, घसा लुळा असला की पाणी फुप्फुसात जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लकव्याचे सगळे पेशंट बोबीसारखे नसतात. काहींच्या मेंदूतला शब्दांचा साठाच विस्कटतो. त्यांना अक्षरांचा तक्ता जमत नाही, तिथं चित्रं, खुणा आणि धीर. कुणाला काय जमेल ते डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला विचारूनच ठरवावं. पण डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत, याला काही कळत नाही, असं आपण परस्पर ठरवायचं कारण नाही.

आपल्याकडे कॉटशेजारी बसायचं काम बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतं. आई, बायको, सून, लेक. डबा, औषधं, धुणं सगळं सांभाळून ती तिथं बसलेली असते. तिला मी आणखी एक काम सांगतेय हे मला कळतं. पण एक पुठ्ठा आणि स्केचपेन घरातच असतं, आणि दुपारी भेटायला येणारी मंडळी रिकामीच उभी असतात. त्यांच्या हातात तो पुठ्ठा द्या. शेताच्या सातबाऱ्याची चर्चा करण्यापेक्षा त्यांनी पेशंटच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला स्टूल ओढून बसावं, पहिली ओळ म्हणावी आणि पापणी मिटेपर्यंत थांबावं.